बसमध्ये उभं किती जणांनी राहायचं, ते ठरतं कसं?

सकाळी आठला उचगाव, कडोली किंवा येळ्ळूरहून बेळगावात येणाऱ्या बसच्या दारात रोज एकच भांडण असतं. खाली उभा असलेला म्हणतो, "आत मोकळं दिसतंय की, सरका पुढं." आत चेंगरलेला म्हणतो, "पाय ठेवायला जागा नाही." कंडक्टर तिकडून "मुंद होगरी, मुंद होगरी" (पुढे चला) ओरडत असतो आणि ड्रायव्हरचा डोळा आरशात असतो, दार मिटतंय का नाही यावर. प्रत्येकाचं आपापल्या जागेवरून बरोबरच असतं. पण बस भरली हे नेमकं कधी म्हणायचं, ते नजरेच्या अंदाजावर सोडलेलं नाही. त्यामागे तीन वेगळे हिशेब आहेत: उभं राहायला आत फरशी किती, चाकांना वजन किती झेपतं, आणि त्या गाडीच्या कागदांवर काय लिहिलंय. तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान, तो त्या गाडीचा आकडा.

आधी कागद

आपल्याकडे लोक विचारतात, "गाडी किती पासिंगची?" हे पासिंग म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, आरसीवरचा आकडा. तिथे बसणारे, उभे राहणारे आणि झोपणारे असे तीन वेगळे रकाने असतात. दोन गोष्टींत हमखास गफलत होते. एक, बसणाऱ्यांच्या आकड्यात ड्रायव्हरही धरलेला असतो. त्यामुळे आरसीवरचा आकडा आणि आत मोजलेल्या प्रवासी सीटा जुळल्या नाहीत, तर लगेच काहीतरी घोटाळा आहे असं समजू नये. दोन, उभ्यांच्या रकान्यात शून्य असेल तर त्या गाडीत उभा राहिलेला पहिला माणूसही जादाच धरला जातो. 'सीट नाही, पण उभ्यानं चालेल' ही सोय प्रत्येक गाडीला आपोआप मिळत नाही. तिची वेगळी नोंद लागते.

ही नोंद बघायला आरटीओत हेलपाटा मारायची गरज नाही. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की आसनक्षमता दिसते. केए-२२ म्हणजे बेळगावची नोंदणी, केए-२३ चिकोडीची. त्यापुढे 'एफ' अक्षर असेल तर गाडी कर्नाटकच्या सरकारी परिवहन महामंडळाची. गाडीत पाटी रंगवलेली असेल तर ती कन्नडमध्ये असते. त्यात 'आसनगळु' या शब्दाशेजारचा आकडा म्हणजे सीटा, हे ओळखता आलं की पुरे.

आरसीबरोबर दुसरा कागद परमिट. टप्प्याटप्प्याला माणसं चढवत-उतरवत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेत जाणाऱ्या गाडीला कायदा 'टप्पा वाहतूक' म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७२ खाली तिला परमिट मिळतं. त्या मार्गावर जास्तीत जास्त किती प्रवासी आणि किती सामान न्यायचं, ही अट परमिटमध्ये घालता येते. ती नेहमीसाठी वेगळी आणि ठरावीक प्रसंगांसाठी किंवा हंगामासाठी वेगळी असू शकते. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला किंवा चिंचणीच्या मायाक्काला जाणाऱ्या जादा गाड्यांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावं. यात्रेसाठी वेगळी अट घालता येते, पण ती घातलेली असावी लागते. यात्रा आहे म्हणून मर्यादा आपोआप सैल होत नाही.

गाडी कोणत्या जातीची

बसची बॉडी कशी बांधायची याची आपल्या देशात एक संहिता आहे, एआयएस-०५२. तिच्यात बसचे चार प्रकार केलेत, आणि उभं राहण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वर्गवारीतच मिळतं.

पहिला प्रकार शहर आणि उपनगरातली बस. हिच्यात उभ्या प्रवाशांसाठी मुद्दाम जागा सोडलेली असते, दारं रुंद असतात आणि दांडे-कड्या भरपूर असतात, कारण चढ-उतार सतत चालते. दुसरा प्रकार गावोगावी जाणारी साधी बस. आपल्या भागातल्या बहुतेकांचा रोजचा प्रवास हिच्यातून. हिच्यात उभ्या प्रवाशांसाठी खास जागा केलेलीच नसते, थोड्या अंतरापुरते लोक मधल्या वाटेत उभे राहू शकतात, एवढंच संहिता धरून चालते. तिसरा प्रकार लांब पल्ल्याची गाडी, ती फक्त बसणाऱ्यांसाठी. चौथ्यात शाळेच्या बस, स्लीपर वगैरे खास कामाच्या गाड्या.

सगळ्या रोजच्या कटकटीचं मूळ दुसऱ्या प्रकारात आहे. खानापूर-बेळगाव किंवा निपाणी-चिकोडी फेरीला लागणारी गाडी कागदावर दुसऱ्या प्रकारची, पण सकाळी साडेसात ते साडेनऊ तिला काम पडतं पहिल्या प्रकारचं. वाट अरुंद, दार एकच वापरात आणि धरायला सीटच्या पाठीवरची कांब. ही गाडी थोड्या अंतरापुरत्या थोड्या लोकांसाठी बांधलेली असते, आणि तिच्यात रोज तासभर तीस माणसं उभी असतात. आठच्या गाडीतला त्रास मुख्यतः इथून येतो. ड्रायव्हर-कंडक्टर कितीही चांगले असले तरी वाट काही रुंद होत नाही.

फरशीचा हिशेब

आता टेप घेऊन आत शिरू. भारतात बसची बाहेरची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असता येत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत साधारण २.४ मीटर उरतात. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा सीटा असतील आणि प्रत्येकीला ४० सेंटिमीटर दिले, तर सीटांनीच दोन मीटर खाल्ले. वाट राहिली ४० सेंटिमीटरची. दोन-दोनची मांडणी असेल आणि सीट जरा ऐसपैस, ४५-४६ सेंटिमीटरची असेल, तर वाट ५५ सेंटिमीटरच्या आसपास मिळते.

उभ्या माणसाला किती फरशी लागते याचा अनेक देशांत वापरला जाणारा मापदंड संयुक्त राष्ट्रांच्या १०७ क्रमांकाच्या वाहन नियमात आहे. शहर बससाठी माणशी ०.१२५ चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरवर आठ माणसं. गावांदरम्यानच्या बससाठी माणशी ०.१५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पावणेसात. एक चौरस मीटर म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब, सव्वातीन फूट रुंद चौकोन. घरात फरशीवर खडूनं आखून त्यात सात जणांना उभं करून पाहिलं तर हा आकडा काय आहे ते अंगाला कळतं. आठ मावतात, पण कोणाला खिशातला मोबाइल काढता येत नाही.

वाट आठ मीटर लांब धरली तर तीन-दोनच्या गाडीत ८ गुणिले ०.४० म्हणजे ३.२ चौरस मीटर. त्याला ०.१५ ने भागलं की २१ माणसं. दोन-दोनच्या गाडीत ४.४ चौरस मीटर, म्हणजे २९. मात्र तिच्यात दहा रांगांमागे दहा सीटा कमी. बसणारे वाढवले की उभे घटतात आणि उलट. एकूण आकडा फारसा हलत नाही, आराम कोणाला मिळतो तेवढं बदलतं.

या मोजणीत काय धरत नाहीत, तेही महत्त्वाचं. दाराच्या पायऱ्या धरत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटच्या पुढचा भाग धरत नाहीत. बसलेल्या माणसाचे पाय जिथे येतात, ती सीटसमोरची तीस सेंटिमीटरची पट्टी धरत नाहीत. जिथे ४० बाय ३० सेंटिमीटरचा आयतही बसत नाही असा कोपराही धरत नाहीत. आपल्या बसमध्ये पहिल्यांदा भरतात त्या नेमक्या याच जागा: पायऱ्या, इंजिनाच्या झाकणाशेजारची जागा आणि सीटांच्या फटी. म्हणून वाट निम्मी रिकामी असताना दारात गाडी 'फुल' दिसते. खाली उभा असलेला "आत मोकळं दिसतंय" म्हणतो ते खोटं नसतं.

पाठीवरची सॅक हा या हिशेबातला लपलेला प्रवासी. भरलेल्या सॅकची जाडी तीस सेंटिमीटर, आणि ४० सेंटिमीटरच्या वाटेत तिनं एका माणसाची जागा सहज धरली. ती काढून पायांत ठेवली की फरशी तेवढीच लागते, पण खांद्याच्या पातळीवर जागा मोकळी होते. कॉलेजच्या वेळेच्या गाडीत पंधरा सॅका खाली आल्या, तर चार-पाच माणसं आणखी आत येतात. एरवी कोणतीही नवी फेरी न मागता इतका फरक पाडणारा उपाय सापडायचा नाही.

वजनाचा हिशेब

सोपं गणित करू. समजा दोन आसांची (अ‍ॅक्सलची) मोठी बस आहे, एकूण वजनाची मर्यादा १६,२०० किलो. डिझेलसह रिकामी गाडी १०,००० किलो. ड्रायव्हर-कंडक्टर मिळून १३६ किलो. माणूस सरासरी ६८ किलो आणि हातातलं सामान १० किलो, म्हणजे माणशी ७८. पन्नास सीटा भरल्या की ३,९०० किलो. उरले २,१६४ किलो. त्यात उभी माणसं मावतात २७.

फरशी २१ म्हणाली, वजन २७ म्हणालं, म्हणून धरायचे २१. परमिटमध्ये त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढेच. मोठ्या बसमध्ये बहुतेक वेळा जागा आधी संपते, वजन नंतर. मिनीबस आणि टेम्पोत उलटं होतं. तिथे माणूस आत मावतो पण चाकांना झेपत नाही, आणि डोळ्यांना ते दिसत नाही म्हणून धोका जास्त.

पण एकूण वजन मर्यादेत असलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. वजन कुठे पडतं हा त्याहून मोठा प्रश्न. बसचं मागचं चाक अगदी शेवटी नसतं. त्याच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबकळतो. नियमानुसार हा मागचा भाग दोन आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. आता दोन आसांत ५.६ मीटर अंतर आहे आणि ६५ किलोचा माणूस मागच्या आसाच्या दोन मीटर मागे उभा आहे असं धरा. तरफेच्या नियमानं मागच्या आसावर ६५ नव्हे, ८८ किलो पडतात, आणि पुढच्या आसावरचे २३ किलो उचलले जातात. असे वीस जण मागे दाटले की मागच्या आसावर १,७६४ किलो वाढले आणि पुढचा आस ४६४ किलोंनी हलका झाला.

पुढचा आस हलका म्हणजे स्टिअरिंग हलकं. ओल्या रस्त्यावर वळताना पुढच्या चाकांची पकड तेवढी कमी. "मागं सरका" हे योग्यच, पण "सगळे मागं सरका" हे नाही. भार दोन आसांच्या मध्ये पसरलेला सर्वांत चांगला. उभ्यांसाठी खरी जागा वाटेच्या मधल्या दोन तृतीयांशात.

मागे भार गेला की त्याचा पहिला फटका टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांना बसतो. टायरच्या बाजूवर १४६/१४३ असे आकडे कोरलेले असतील, तर पहिला आकडा सांगतो की एकटा टायर ३,००० किलो झेलेल, आणि दुसरा सांगतो की जोडीत असताना प्रत्येकी २,७२५. मागच्या चार टायरांचे मिळून १०,९०० किलो, तेही हवा नेमून दिलेली असेल तर. जोडीतला आतला टायर हळूहळू हवा सोडत असेल तर ते बाहेरून कळत नाही, बाहेरचा टायर त्याला उभा धरून ठेवतो. अशा वेळी दोघांचा भार एकावर येतो, तो तापतो आणि फुटतो. ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी मागच्या टायरांवर लोखंडी दांडा आपटून आवाज ऐकतात, तो यासाठी. हवा गेलेला टायर ठणकत नाही, दबका वाजतो.

ब्रेक लागला की

बसलेल्या माणसाच्या अंगाचा भार फरशीपासून पाऊण मीटरच्या आतच असतो. उभ्याचा मीटरभर वर. त्यात बसची फरशीच रस्त्यापासून मीटरभर उंच. तीस माणसं उभी राहिली की दोनएक टन वजन वर चढलं. गाडी वळणावर जास्त कलते, आणि त्याच वेळी आतली माणसं वळणाच्या बाहेरच्या बाजूला एकमेकांवर रेलतात, त्यामुळे कल आणखी वाढतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटात किंवा सावंतवाडीच्या वाटेवर आंबोली घाटात म्हणूनच उभे प्रवासी ही वेगळीच जोखीम. उतारावर ब्रेकला जी उष्णता सोसावी लागते ती वजनाच्या प्रमाणात वाढते. दोन टन जादा असले तर ड्रायव्हरनं खालच्या गिअरमध्ये आणखी हळू उतरवणं एवढाच मार्ग. ब्रेकवर पाय ठेवून उतरवली की ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक पाय पूर्ण दाबूनही धरत नाही.

सपाटीवर प्रश्न निराळा. जोराचा ब्रेक लागला की ६५ किलोच्या माणसाला पुढे ढकलणारा जोर सुमारे ३३ किलोचा असतो. कांब घट्ट धरली असेल तर एक हात तेवढं पेलतो. पण मागचे दोघं काही न धरता उभे असतील तर त्यांचाही भार पुढच्यावर, म्हणजे एका हातावर शंभर किलो. दाटीत माणसं 'पडायला जागाच नाही' म्हणून कांब सोडतात. ती चूक. दाटीत एकटा पडत नाही, सगळी रांग मिळून पुढे जाते आणि पुढचा माणूस ड्रायव्हरशेजारच्या काचेवर किंवा पायरीत जातो.

उभं राहायची रीत साधी आहे. तोंड खिडकीकडे, एक पाय पुढच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला, दोन्हींत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल. हात वरच्या दांड्याला, सीटच्या पाठीला दुसरा आधार. दाराला पाठ टेकू नये. आणीबाणीच्या दारासमोर पोती, दुधाचे कॅन ठेवू नयेत. गर्दीच्या गाडीत आग किंवा अपघात झाला तर मधल्या वाटेतून दारापर्यंत पोहोचायचा वेळच मिळत नाही, त्या वेळी उपयोगी पडतं ते हेच दार.

जादा माणसांचा दंड आणि विमा

२०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १९४-अ आलं. आरसी किंवा परमिटपेक्षा जास्त प्रवासी असतील तर प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड. वीस जादा असले तर चार हजार. खरी अडचण पैशांची नाही. त्याच कलमात म्हटलंय की जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसऱ्या गाडीची सोय होईपर्यंत ही गाडी हलू द्यायची नाही. संध्याकाळी सात वाजता कणकुंबीच्या अलीकडे गाडी अडवली तर दुसरी सोय आणायची कुठून? म्हणून ही तपासणी प्रत्यक्षात हमरस्त्यावर आणि नाक्यांवरच जास्त दिसते. पायरीवर लोंबकळणं, टपावर किंवा बॉनेटवर बसणं याला कलम १२३ मध्ये बंदी आहे. तिथे चालवणाऱ्याप्रमाणेच लोंबकळणाराही दोषी धरला जातो, हे पोरांना घरीच सांगितलेलं बरं.

विम्याचं गणित फार थोड्यांना माहीत असतं. खासगी बसचा विमा ठरावीक प्रवाशांचा असतो. ४२ जणांची परवानगी असलेल्या आणि नव्वदच्या आसपास माणसं भरलेल्या एका बसच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये असा मार्ग काढला: विमा कंपनीनं सर्वांत मोठ्या ४२ भरपायांची बेरीज भरायची, आणि ती रक्कम सगळ्या दावेदारांत प्रमाणशीर वाटायची. उरलेलं ज्यानं त्यानं मालकाकडून वसूल करायचं. छोट्या आकड्यांत सांगायचं तर विमा दोघांचा, गाडीत चौघं. भरपाई ठरली १०, ८, ६ आणि ४ लाख, एकूण २८. कंपनी भरणार १० अधिक ८, म्हणजे १८ लाख. प्रत्येकाच्या हाती लगेच येणार ठरलेल्या रकमेच्या ६४ टक्के. दहावाल्याला सहा लाख त्रेचाळीस हजारांच्या आसपास. जागेवर बसून, पूर्ण तिकीट काढून प्रवास करणाऱ्याची भरपाईही अशा वेळी शेजारच्या जादा माणसामुळे अडकते. सरकारी महामंडळांना विम्याऐवजी स्वतःचा निधी ठेवायची मुभा कायद्यात आहे, तिथे देणेकरी महामंडळच.

वडाप (शेअर जीप) आणि क्रूझरचं लवकर सांगून टाकू. ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवाशांची गाडी म्हणजे मॅक्सीकॅब. तिच्यात उभ्यांची सोय नसतेच, त्यामुळे तेरावा माणूस जादा. शिवाय तिचं परमिट बहुधा पूर्ण गाडी ठरवून नेण्याचं असतं, सीटमागे पैसे घेऊन वाटेत माणसं उचलण्याचं नव्हे. उद्यमबागेतल्या किंवा शिनोळीच्या कारखान्यांसाठी कामगार नेणारी कंपनीची बस ही आणखी वेगळी जात. ती खासगी सेवा वाहन असली तर आरसीवर जेवढ्या सीटा तेवढीच माणसं. शिफ्ट सुटल्यावर "दहाच मिनिटांचा रस्ता" म्हणून मधे उभं करतात, ते चुकीचंच.

सीमा आणि शून्य तिकीट

बाची ओलांडून शिनोळीत किंवा कोगनोळी ओलांडून कागलकडे गेलं म्हणून बसचा आकडा बदलत नाही. गाडीची नोंदणी देशभर ग्राह्य असते. दोन राज्यांत करार होतो तो मार्ग, फेऱ्या आणि किलोमीटर यांचा. बदलतं ते तिकीट. कर्नाटकातली महिलांच्या मोफत प्रवासाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे आणि ती राज्यांतर्गत प्रवासासाठी. महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून, तेही त्या राज्याच्या हद्दीपुरतं. शक्ती योजना आली तेव्हा साध्या गाड्यांत निम्म्या सीटा पुरुषांसाठी राखायचा नियमही आला. त्यावरून आत खूप वाद होतात, पण क्षमतेशी त्याचा संबंध नाही. सीटवर कोण बसणार एवढंच तो ठरवतो, गाडीत किती मावणार ते नाही.

मोजणीत मात्र एक फरक पडतो. शक्तीच्या प्रवासाला शून्य रकमेचं का होईना तिकीट निघतं, त्यामुळे मशीनमध्ये माणूस दिसतो. पासवाल्या विद्यार्थ्याला तिकीट फाडायची गरज नसते. साठ पासवाल्या पोरांची सकाळची गाडी म्हणून मशीनच्या अहवालात निम्मी रिकामी दिसू शकते. गावानं "गाडी ओसंडून वाहते" म्हणावं आणि आगारानं "आमच्याकडे तर भरत नाही" म्हणावं, यात कोणी खोटं बोलतंय असंच असेल असं नाही.

जादा फेरी मागायच्या आधी

समजा पावणेआठ ते साडेआठ या वेळात एका पट्ट्यातून १८० माणसं निघतात. गाड्या ७.४५, ८.०० आणि ८.३० ला. प्रत्येकीत ५० बसून आणि १२ उभे, एकूण १८६. कागदावर सगळे मावतात. पण कॉलेज नऊला, म्हणून आठच्या गाडीला शंभर जण आणि उरलेल्या दोघींना चाळीस-चाळीस. गर्दी आहे एकाच गाडीची. इथे नवी बस नको, साडेआठची गाडी ८.१० ला आणली तरी पुष्कळ फरक पडतो.

त्यात उशिराची साखळी असते. एक माणूस चढायला तीन-चार सेकंद धरले तरी चाळीस माणसांना दोन-अडीच मिनिटं. वाट भरली की मधला माणूस उतरायलाच मिनिट खातो. गाडीला उशीर झाला की पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमलेली, म्हणून आणखी उशीर. मागची गाडी तिच्या शेपटीला लागते, रिकामी. दारातल्या माणसानं थांब्यावर खाली उतरून वाट दिली आणि परत चढला, तर तक्रारीपेक्षा लवकर फरक पडतो. वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघणारी, बंद झाली तरी असंच होतं. पहिली फेरी गेली की सगळा भार दुसरीवर येतो.

अर्ज लिहायचा तर 'खूप गर्दी असते' हे वाक्य कुठेही पोहोचत नाही. सलग सहा कामाचे दिवस एका थांब्यावर उभं राहून वहीत लिहावं: तारीख, गाडीचा नंबर, ठरलेली वेळ, आलेली वेळ, उभे किती, त्यात पासवाले किती, आणि थांब्यावर मागे किती राहिले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण जो चढलाच नाही तो कोणत्याही मशीनमध्ये नसतो. ही पानं, ग्रामपंचायतीचा ठराव आणि कॉलेजचं किंवा शाळेचं वेळापत्रक जोडून आगार व्यवस्थापकाकडे द्यावं, प्रत विभागीय नियंत्रकाला. मागणी एकच आणि नेमकी असावी: अमुक फेरी वीस मिनिटं अलीकडे घ्या, किंवा सोमवार ते शनिवार अमुक वेळेला मोठ्या दाराची शहर बस लावा. पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्यावा आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकावर विचारायला जावं.